गुडघ्याची गोळी आणि सिंहगडाचा चढ

या ब्लॉगवर मी एरवी तुमच्या आजारांविषयी लिहितो. आज माझ्या स्वतःच्या आजाराविषयी लिहिणार आहे. आजार मोठा नव्हता, पण तो मी स्वतः ओढवून घेतला होता आणि ओळखायला मला, मेडिसिनमध्ये एमडी असलेल्या आणि जवळजवळ पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरला, तीन महिने लागले. तो पकडून दिला सिंहगडाच्या चढाने. हा लेख सायकलीचाही आहे आणि तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्याचाही. सायकल चालवत नसाल तरी शेवटपर्यंत वाचा, कारण ती गोळी बहुतेक तुमच्याही डब्यात असेल.

तयारी कशाची होती?

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी ठरवलं की डिसेंबरमधली घाटातली २०० किलोमीटरची बीआरएम करायची. बीआरएम म्हणजे फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांनुसार जगभर होणाऱ्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड्स. ही शर्यत नसते. पहिला-दुसरा नंबर नसतो. फक्त वेळेची मर्यादा असते, २०० किलोमीटरला साडेतेरा तास. पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं, खाणंपिणं आपलं आपण बघायचं. आमचा रस्ता होता पुणे ते पाचगणी आणि परत. म्हणजे जाताना खंबाटकीचा घाट, आणि वाई सोडलं की पाचगणीपर्यंत चढत जाणारा पसरणीचा घाट.

पसरणीची रंगीत तालीम पुण्याजवळ करायची तर सिंहगडासारखी जागा नाही. गडाची उंची समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर. पायथ्याच्या गोळेवाडी नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटरचा रस्ता, आणि त्यात सुमारे सहाशे मीटरची चढण. सरासरी काढली तर दर शंभर मीटरला सात मीटर वर. ऐकायला काहीच वाटत नाही. चढायला लागलात की कळतं. सरासरी फसवी असते. मधली काही वळणं सातपेक्षा बरीच जास्त तीव्र आहेत.

थोडा हिशेब सांगतो, म्हणजे चढावर शरीराचं काय होतं ते लक्षात येईल. माझं वजन ७६ किलो, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून आणखी १३. हे ८९ किलो सहाशे मीटर उचलायचे. आपलं शरीर हे काही फार काटकसरी इंजिन नाही. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी चौथा-पाचवा हिस्साच पॅडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन घामावाटे जाते. म्हणजे फक्त त्या चढाला साधारण पाचशे ते सहाशे कॅलरी लागतात. एवढी ऊर्जा तयार करायची तर स्नायूंना सतत प्राणवायू हवा. तो पोचवतं रक्त. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या वहीतल्या वेळा

मी मार्चमध्ये सुरुवात केली. दर रविवारी पहाटे निघायचं, खडकवासला धरणावरून डोणजे, तिथून गोळेवाडी, आणि मग चढ. सोबत आमच्या सोसायटीतले एक काका. बँकेतून निवृत्त झालेले, वय ६७, सायकल माझ्यापेक्षा जुनी. वर पोचल्यावर मडक्यातलं दही खायचं आणि सांभाळून उतरायचं, असा क्रम.

मी प्रत्येक चढाची वेळ एका वहीत लिहून ठेवत होतो. पहिल्या रविवारी चार वेळा थांबून ९८ मिनिटं लागली. मे महिन्यात ८० मिनिटं, न थांबता. जुलैत, पावसाने रस्ता उघडा होता त्या एका सकाळी, ७१ मिनिटं. मी खूष होतो. काकांना शेवटच्या वळणावर मागे टाकल्याची नोंदही मी वहीत केलेली आहे, आज ती वाचताना लाज वाटते.

दरम्यान मे महिन्यापासून उजवा गुडघा दुखायला लागला होता. वाटीच्या मागे, पुढच्या बाजूला. जिना उतरताना आणि खुर्चीतून उठताना जास्त. हे दुखणं मी दर आठवड्याला चार-पाच पेशंटमध्ये बघतो. त्यांना मी काय सांगतो? आधी कारण शोधू, भार कमी करू, मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम करू. आणि स्वतः काय केलं? सॅम्पलच्या खणातून वेदनाशामक गोळी काढली आणि रविवारी पहाटे चहाबरोबर घेतली.

गुडघा गप्प बसला. चढ मस्त झाला. पुढच्या रविवारी पुन्हा घेतली. मग शनिवारच्या सरावालाही. ऑगस्टपासून रोज, आणि राइडच्या दिवशी दोन.

याच काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. मंडईत भाजी विकणाऱ्या एक आजी माझ्याकडे अनेक वर्षं येतात. त्यांनी पिशवीतून गोळ्यांची अर्धी पट्टी काढून दाखवली. "गुडघ्याला मेडिकलवाल्यानं दिल्या. रोज एक घेते, बरं वाटतं." मी त्यांना चांगलाच रागावलो. पोटात जखम होईल, किडनी जाईल, असं सगळं सांगितलं, पट्टी काढून घेतली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. त्या बिचाऱ्या मान खाली घालून गेल्या. त्याच ड्रॉवरमध्ये माझी पट्टी होती. औषध तेच, कंपनी फक्त वेगळी. संध्याकाळी मी माझी गोळी घेतली आणि तेव्हा मला काहीही खटकलं नाही.

वेळ वाढायला लागली

सप्टेंबरमध्ये चढाला ७६ मिनिटं लागली. मी म्हटलं, गणपतीत जागरणं झाली. ऑक्टोबरमध्ये ८२. म्हटलं, ऑक्टोबर हीट. सराव वाढत होता आणि वेळही वाढत होती. एका ठरावीक वळणावर जुलैमध्ये माझ्या नाडीचे ठोके मिनिटाला १४८ असायचे, आता त्याच वळणावर, कमी वेगाने जातानाही, १६५. मी सायकलच्या दुकानात जाऊन हलके टायर टाकून आणले.

घरी बायकोने एक गोष्ट टिपली होती. "तू हल्ली फ्रीजमधला बर्फ सारखा कडाकडा चावत असतोस," ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे लोह कमी झाल्याचं लक्षण असू शकतं, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे.

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. मी दोन वेळा थांबलो, ९४ मिनिटं लागली. काका कधीच पुढे निघून गेले होते. वर पोचलो तेव्हा ते दह्याचं मडकं पुढ्यात ठेवून बसले होते. माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, रागावू नका, पण तुमचा चेहरा पांढराफटक दिसतोय. आमच्या हिचं ऑपरेशनच्या आधी असंच झालं होतं."

मी मोबाइलचा कॅमेरा उघडला आणि खालची पापणी ओढून आतला भाग बघितला. रोज तीस-चाळीस लोकांच्या पापण्या बघतो. माझी कागदासारखी होती.

सोमवारी सकाळी लॅबमध्ये रक्त दिलं. जानेवारीत १४.४ असलेलं हिमोग्लोबिन आता ९.८ होतं. प्रौढ पुरुषात ते किमान १३ हवं. लाल पेशी आकाराने लहान आणि फिक्या. शरीरातला लोहाचा साठा सांगणारी फेरिटिन ही तपासणी केली, ती ८. म्हणजे साठा संपलेला.

सपाटीवर का कळलं नाही?

हा प्रश्न मला नंतर अनेकांनी विचारला. तुम्ही डॉक्टर, रोज दवाखाना करत होता, मग तुम्हाला थकवा कसा जाणवला नाही?

एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतं. १४.४ हिमोग्लोबिन असताना माझं शंभर मिलिलिटर रक्त १९ मिलिलिटरहून थोडा जास्त प्राणवायू नेत होतं. ९.८ असताना १३. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश गाड्या कमी झाल्या. पण बसून पेशंट तपासायला, जेवायला, बाजारात जायला आपल्याला त्या क्षमतेचा लहानसा भागच लागतो. कमी पडलं तर हृदय थोडं जोरात धावतं आणि भागवून नेतं. शिवाय रक्त हळूहळू कमी झालं की शरीर सवय करून घेतं. त्यामुळे हिमोग्लोबिन सात-आठवर आलेले लोकही चालत दवाखान्यात येतात आणि "थोडा अशक्तपणा आहे" एवढंच सांगतात.

चढावर मात्र सगळी राखीव शक्ती वापरावी लागते. शिल्लक किती आहे ते तिथे लगेच उघडं पडतं. म्हणून माझं पेशंटना सांगणं असतं: नेहमीचा जिना, नेहमीचा चढ, नेहमीची टेकडी अचानक अवघड वाटायला लागली तर त्याला वय म्हणून सोडून देऊ नका. वयामुळे होणारा फरक वर्षावर्षांत पडतो, दोन-तीन महिन्यांत नाही. दोन-तीन महिन्यांत पडलेल्या फरकाला कारण असतं. रक्त कमी असेल, हृदय, फुप्फुस किंवा थायरॉइडचा त्रास असेल, साखर वाढलेली असेल. शोधायला हवं.

रक्त गेलं कुठे?

माझे एक बॅचमेट पोटविकारतज्ज्ञ आहेत. रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पेनकिलर किती घेतोस?" मी म्हटलं, "अधूनमधून." ते नुसते बघत राहिले. मग मी खरं सांगितलं.

दुर्बिणीतून तपासणी केली तेव्हा जठराच्या खालच्या भागात दोन छोटे अल्सर दिसले. त्यातून थेंब थेंब रक्त जात होतं. एकदम खूप रक्त गेलं असतं तर शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधी झाली असती आणि मी त्याच दिवशी सावध झालो असतो. पण शौचाचा रंग असा बदलायला एका वेळी साधारण पन्नास ते शंभर मिलिलिटर रक्त जावं लागतं. रोज चार चमचे गेलं तर डोळ्याला काहीच दिसत नाही. चार चमचे म्हणजे वीस मिलिलिटर रक्त, त्यात साधारण दहा मिलिग्रॅम लोह. आपण जेवणातून रोज शोषून घेतो ते एक-दोन मिलिग्रॅम. असं महिनोन्महिने चाललं तर तिजोरी रिकामी होणारच.

ही गोळी पोटात नेमकं काय करते? वेदना आणि सूज निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं ती कमी करते, म्हणून दुखणं थांबतं. पण याच कुटुंबातली रसायनं जठराच्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करतात आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळतात. गोळीला चांगलं-वाईट निवडता येत नाही, ती सगळीकडेच काम करते. म्हणून काही गैरसमज आधी दूर करू या.

"जेवणानंतर घेतली की चालते." जळजळ थोडी कमी होईल, पण धोका जात नाही. औषध रक्तात जाऊन तिथून अस्तरावर परिणाम करतं.

"मग इंजेक्शन घेतो." त्याच कारणाने त्यानेही अल्सर होऊ शकतो.

"मला पोटात दुखत नाही, म्हणजे अल्सर नाही." वेदनाशामक गोळ्यांमुळे झालेले अल्सर बऱ्याचदा दुखतच नाहीत. माझे दुखले नाहीत.

"सोबत ॲसिडिटीची गोळी घेतो." त्याने जठराला संरक्षण मिळतं हे खरं, पण किडनीला नाही.

घाटात सायकल चालवणाऱ्यांनी किडनीचा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. घामाने शरीर कोरडं पडलेलं, त्यात वेदनाशामक गोळी, आणि त्यात रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर किडनीवर एकदम ताण येऊ शकतो. राइडच्या आधी "खबरदारी म्हणून" गोळी घेण्याची पद्धत मी अनेक ग्रुपमध्ये बघतो. ती बंद व्हायला हवी.

माझ्या बाबतीत अल्सरला आणखी एक साथीदार सापडला, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. तो आपल्याकडे पुष्कळ लोकांच्या जठरात असतो. जिवाणू आणि गोळी एकत्र आले की धोका वाढतो.

एक रात्र

अल्सर सापडला, मला सुटल्यासारखं वाटलं. पण मित्र म्हणाला, "वर कारण मिळालं म्हणून खाली बघायचं नाही असं नाही. तुझं वय चौपन्न आहे. कोलोनोस्कोपी करायची."

तो बरोबर होता. पन्नाशीच्या पुढच्या माणसाचं, विशेषतः पुरुषाचं, लोह कमी झालं की मोठ्या आतड्याचा कर्करोग नाही ना हे बघावंच लागतं. हे मी स्वतः किती जणांना सांगितलंय. पण आदल्या रात्री ते खारट-गोड औषध लिटरभर पाण्यातून पीत, दर वीस मिनिटांनी उठत, मी स्वयंपाकघरात एकटा बसलो होतो तेव्हा पहिल्यांदा कळलं की "फक्त खात्री करून घेऊ" हे वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागतं. मुलगी बंगळूरला असते. तिला सांगितलं नव्हतं. बायको झोपली नव्हती, पण आम्ही दोघंही काही बोललो नाही. वही उघडून मी त्या चढाच्या वेळा बघत बसलो. ७१, ७६, ८२, ९४. एखाद्या पेशंटने हे आकडे माझ्यासमोर ठेवले असते तर मी त्याच दिवशी हिमोग्लोबिन करायला सांगितलं असतं.

कोलोनोस्कोपी स्वच्छ निघाली. गाडीत बसल्यावर बायको एवढंच म्हणाली, "आता तरी दुसऱ्या डॉक्टरला दाखवत जा." तेव्हापासून माझ्या तपासण्या मी स्वतः करत नाही.

उपचार

उपचार साधे होते. वेदनाशामक गोळी कायमची बंद. आम्ल कमी करणारं औषध आठ आठवडे. जिवाणूसाठी अँटिबायोटिक्सचा चौदा दिवसांचा कोर्स. आणि लोहाची गोळी, लिंबाच्या पाण्याबरोबर, चहापासून दोन तास लांब. चहा-कॉफीमुळे लोह कमी शोषलं जातं, आणि आपण मात्र सगळ्या गोळ्या चहाबरोबरच घेतो.

लोहाच्या गोळीने शौचाला काळपट-हिरवट होते, त्याने घाबरू नका. ती डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधीयुक्त नसते. शंका असली तर डॉक्टरांना विचारा.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.७ झालं, दहा आठवड्यांनी १३.६. त्यानंतरही तीन महिने लोह चालू ठेवलं. बरेच लोक इथे चुकतात. हिमोग्लोबिन नॉर्मल आलं की गोळी बंद करतात. रक्त भरतं, पण साठा रिकामाच राहतो. जठरातला अल्सर भरला की नाही हे पुन्हा दुर्बिणीने बघणंही गरजेचं असतं. माझा भरला होता.

डिसेंबरची बीआरएम अर्थातच गेली. त्या दिवशी मी वाईच्या चेकपॉइंटवर स्वयंसेवक म्हणून उभा राहिलो, येणाऱ्यांच्या कार्डावर शिक्के मारत. काका आले, कार्ड पुढे केलं, पाणी प्यायले आणि पसरणीकडे निघून गेले. वेळेच्या आत पूर्ण करून परत आले. वय ६७.

गुडघा का दुखत होता?

हा प्रश्न मी मे महिन्यातच विचारायला हवा होता. फेब्रुवारीत एका सायकलिंगची जाण असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे गेलो. वीस मिनिटांत दोन कारणं निघाली.

पहिलं, सीट खाली होती. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली आणि पॅडल अगदी खाली नेलं, तर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. माझा चांगलाच वाकलेला होता. गुडघा जास्त वाकलेल्या स्थितीत जोर लावला की वाटीमागचा दाब वाढतो.

दुसरं कारण माझा अहंकार. माझ्या सायकलला पुढे तीन दातेरी चक्रं आहेत. सर्वात लहान चक्र चढासाठीच असतं. पण ते वापरणं म्हणजे हार मानणं, असं मला वाटायचं. मी मधल्या चक्रावर, मिनिटाला पन्नासपेक्षा कमी फेऱ्यांत, दात-ओठ खात पॅडल दाबायचो. साधा हिशेब आहे. तेवढ्याच वेगासाठी मिनिटाला ७५ ऐवजी ५० फेरे मारले तर प्रत्येक फेऱ्याला दीडपट जोर लागतो. आठ-नऊ किलोमीटर चढात हजारो फेरे होतात. गुडघा ओरडणार नाही तर काय करेल?

म्हणजे सीट दोन-अडीच सेंटिमीटर वर घेणं आणि गिअर बदलणं हा माझ्या गुडघ्याचा उपचार होता. त्याला एक पैसा लागत नव्हता. मी त्याऐवजी सहा महिने गोळ्या खाल्ल्या.

चढाची तयारी करणाऱ्यांसाठी

ज्यांना घाटातली राइड किंवा एखादा गड सायकलने करायचा आहे, त्यांच्यासाठी मी आता पाळतो ते थोडक्यात:

१. चाळिशीच्या पुढे असाल, किंवा मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, घरात हृदयविकार असेल, तर सुरुवातीलाच डॉक्टरांकडून तपासून घ्या. सोबत हिमोग्लोबिनही करा.

२. चढ बोलता येईल अशा वेगाने चढा. एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. आठवड्यात एखादाच सराव जोराचा असू द्या, तोही बोपदेव किंवा कात्रजच्या जुन्या घाटात छोट्या छोट्या टप्प्यांनी.

३. हलका गिअर चढ सुरू होण्याआधीच टाका. पाय मिनिटाला साधारण ६५ ते ७५ फेरे मारत राहतील असं बघा. लहान चक्र लाज वाटण्यासाठी दिलेलं नाही.

४. आठवड्यातून दोनदा मांडी आणि नितंबाचे व्यायाम करा. खुर्चीतून हात न टेकता उठबस करणं इथून सुरुवात करा.

५. तासाभरापेक्षा मोठ्या राइडला खात राहा. केळं, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. भूक लागायची वाट बघू नका. तहान लागेल तसं पाणी प्या. खूप घाम येत असेल तर नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा ओआरएस घ्या.

६. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरा, आणि हात भरून आले तर थांबा. चढावर माणूस थकतो, पण अपघात उतारावर होतात.

७. चढताना छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, घेरी येणं, आणि थांबलं की बरं वाटणं, असं झालं तर राइड तिथेच संपवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्याला गॅस म्हणू नका.

८. दुखण्यासाठी गोळी घेऊन सायकलवर बसू नका. एखाद्या दिवशी फारच दुखलं तर पॅरासिटामॉल पोटाला तुलनेने सौम्य आहे, पण त्याचीही मर्यादा असते आणि जास्त घेतलं तर यकृताला धोका असतो. दुखणं आठवडाभर टिकलं तर कारण शोधा.

आणि सायकल न चालवणाऱ्यांसाठी एकच. आज घरातला औषधांचा डबा उघडा. कोणती वेदनाशामक गोळी आहे, ती कोण घेतं, किती दिवसांपासून, हे बघा. घरातलं कुणी साठीच्या पुढचं असेल, पूर्वी अल्सर झालेला असेल, ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधं किंवा स्टिरॉइड चालू असतील, किडनीचा त्रास असेल, तर ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि डॉक्टरांनी विचारलं की "अधूनमधून" म्हणू नका. आकडा सांगा.

पुढच्या डिसेंबरला मी ती बीआरएम केली. बारा तास वीस मिनिटं. पसरणीत मी सर्वात लहान चक्रावर होतो आणि काकांशी बोलत चढत होतो. परतीच्या वाटेवर शिरवळच्या अलीकडे गुडघा थोडा बोलला. थांबलो, पाय मोकळे केले, गिअर आणखी हलका केला आणि निघालो.

मंडईतल्या आजी त्यानंतर एकदा बीपी तपासायला आल्या. मी त्यांना माझी सगळी गोष्ट सांगितली, ड्रॉवरमधल्या दोन पट्ट्यांसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तुमाला कोण रागावलं?"

कोणीच नाही, आजी. तीच तर अडचण होती.

(हा लेख आरोग्यविषयक माहितीसाठी आहे. औषधं सुरू किंवा बंद करताना आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्या.)